ओकोटोक्सची बावन्न घरे : उन्हाळ्यातील ऊन हिवाळ्यासाठी साठवणाऱ्या वसाहतीचा प्रकरण अभ्यास

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, कॅल्गरीच्या दक्षिणेला ओकोटोक्स नावाचे छोटे शहर आहे. तेथील ‘ड्रेक लँडिंग सोलर कम्युनिटी’ या बावन्न स्वतंत्र घरांच्या वसाहतीत २००७ साली एक वेगळा प्रयोग सुरू झाला. उन्हाळ्यात छपरांवर गोळा केलेली उष्णता जमिनीच्या पोटात साठवायची आणि काही महिन्यांनी, बाहेर बर्फ असताना, तीच परत काढून घरे उबदार ठेवायची, अशी त्यामागची कल्पना होती. २०१५-१६ च्या हंगामात या घरांना ऊब देण्यासाठी लागलेली सर्वच्या सर्व उष्णता सूर्यापासून मिळाली. त्यानंतर दहा वर्षेही उलटली नव्हती, तोच २०२४ मध्ये ही यंत्रणा कायमची बंद करून घरांत नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या भट्ट्या बसवण्याचे ठरले. तंत्र म्हणून पूर्ण यशस्वी ठरलेला प्रकल्प का टिकला नाही, हे समजून घ्यायचे तर त्याची रचना, त्याचा आकार आणि त्याचा हिशेब तिन्ही एकत्र पाहावे लागतात. पर्यावरणपूरक घरांविषयीच्या बहुतेक लेखनात केवळ रचनेचे कौतुक होते आणि इतर दोन बाजू दुर्लक्षित राहतात.

जागा आणि अडचण

ओकोटोक्स विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे ५०.७ अंशांवर आहे. हिवाळ्यात तेथील तापमान उणे ३० अंश सेल्सियसच्याही खाली जाऊ शकते. मात्र आकाश बराच काळ निरभ्र असते; कॅल्गरी परिसरात वर्षाकाठी सुमारे २,४०० तास ऊन पडते आणि एवढे ऊन कॅनडातील फार थोड्या शहरांना लाभते. अडचण उन्हाच्या प्रमाणाची नसून वेळेची होती. जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांच्या आसपास असतो, तेव्हा घर तापवण्याची गरज जवळजवळ नसते. डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा होतो, सूर्य क्षितिजालगत तिरका फिरतो, आणि नेमकी तेव्हाच उष्णतेची मागणी शिखरावर असते. छपरावर कितीही पॅनेल लावली तरी दिवसाची उष्णता त्याच रात्री वापरणाऱ्या साध्या व्यवस्थेने अशा हवामानात हिवाळ्याच्या गरजेचा लहानसा भागच भागतो.

हा प्रयोग याच शहरात झाला, यालाही पार्श्वभूमी होती. शीप नदीचे पाणी किती लोकांना पुरेल याचा विचार करून ओकोटोक्सच्या नगर परिषदेने १९९८ मध्ये आपली लोकसंख्या सुमारे ३०,००० वर थांबवण्याचे धोरण स्वीकारले होते. (पुढे २०१२ मध्ये ही मर्यादा सोडून देण्यात आली.) निसर्गाची मर्यादा मान्य करून शहराची आखणी करण्याची सवय प्रशासनाला असल्यामुळे, संघराज्य सरकारच्या ‘नॅचरल रिसोर्सेस कॅनडा’ या खात्याने पुढाकार घेतलेल्या प्रकल्पाला येथे जागा आणि पाठिंबा दोन्ही मिळाले. वसाहत विकसित करणारी कंपनी, घरे बांधणारी कंपनी आणि वायू पुरवणारी कंपनी हे त्यातील इतर भागीदार होते.

आधी घर

प्रकल्पाच्या छायाचित्रांत पॅनेलच डोळ्यांत भरतात, तरी खरे पायाभूत काम भिंती, खिडक्या आणि फटी यांवर झाले होते. सर्व घरे ‘आर-२०००’ या कॅनडातील ऐच्छिक मानकानुसार बांधण्यात आली. या मानकात घराच्या हवाबंदपणाची प्रत्यक्ष चाचणी घ्यावी लागते. दारात पंखा बसवून घराच्या आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण केला जातो आणि त्या दाबाखाली घरातील एकूण हवा तासाला दीड वेळेपेक्षा अधिक बदलता कामा नये, अशी अट असते. इतक्या घट्ट घरात ताजी हवा आपोआप येत नाही. म्हणून बाहेर जाणाऱ्या उबदार हवेतील उष्णता आत येणाऱ्या थंड हवेला देणारी वायुवीजन यंत्रणा सक्तीची असते. भिंतींत आणि छतात जास्त जाडीचे इन्सुलेशन, उष्णता परावर्तित करणारा लेप असलेल्या खिडक्या आणि साहित्याच्या निवडीसाठी अल्बर्टातील ‘बिल्ट ग्रीन’ योजनेचा सुवर्ण दर्जा, अशी बाकीची रचना होती.

या सगळ्यामुळे ही घरे त्या काळच्या नेहमीच्या बांधकामाच्या मानाने सुमारे ३० टक्के अधिक कार्यक्षम ठरली. या आकड्याचे महत्त्व पॅनेलांच्या संख्येशी जोडून पाहिले म्हणजे कळते. वसाहतीत घरे तापवण्यासाठी गॅरेजांच्या छपरांवर जवळपास ८०० पॅनेल होती आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २,२९३ चौरस मीटर होते, म्हणजे दर घरामागे ४४ चौरस मीटर. घरे साध्या पद्धतीने बांधली असती, तर ढोबळ हिशेबाने तेवढ्याच उबेसाठी ११०० हून अधिक पॅनेल लागली असती, आणि गॅरेजांच्या छपरांवर तेवढी जागाच नव्हती. उष्णतेची गळती थांबवणे हे उष्णता निर्माण करण्यापेक्षा स्वस्त पडते, हे बांधकाम क्षेत्रात सर्वांना तोंडपाठ असते. तरीही अंदाजपत्रकात कात्री लागते तेव्हा ती पहिल्यांदा इन्सुलेशनवर चालते आणि दिसणारी पॅनेल शाबूत राहतात. ड्रेक लँडिंगमध्ये तसे झाले नाही. माझ्या मते प्रकल्पातील सर्वांत टिकाऊ निर्णय हाच होता.

उष्णतेचा प्रवास

घरांच्या मागच्या बाजूला, गल्लीकडे तोंड करून, स्वतंत्र गॅरेज बांधण्यात आली. त्यांच्या छपरांची ओळ मधल्या मोकळ्या जागांवरही पुढे नेल्यामुळे दक्षिणेकडे झुकलेली लांबच लांब सलग छपरे तयार झाली. वसाहतीचे रस्ते आखतानाच ही दिशा ठरवलेली होती, अन्यथा अशी चार रांगांची मांडणी जमली नसती. या छपरांवरची सपाट पॅनेल वीज तयार करणारी नव्हती. त्यांतून न गोठणारे ग्लायकॉलमिश्रित पाणी फिरत असे आणि ते तापत असे. हे पाणी जमिनीखालच्या पाईपांतून वसाहतीच्या ऊर्जा केंद्रात जाई. तेथील उष्णता विनिमयकामार्फत त्याची उष्णता साठवणीच्या पाण्याला मिळे आणि गार झालेले ग्लायकॉल पुन्हा छपरांकडे परते.

ऊर्जा केंद्रात प्रत्येकी १२० घनमीटरच्या दोन टाक्या होत्या, आणि शेजारच्या उद्यानाखाली खरा साठा होता : सुमारे ३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात, ३५ ते ३७ मीटर खोल अशी १४४ बोअर. प्रत्येक बोअरमध्ये इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा प्लॅस्टिकचा पाईप सोडून भोवतीची पोकळी भरून घेतली होती. पाणी त्या पाईपातच फिरे, मातीत मिसळत नसे. माती केवळ तापायची आणि निवायची. वरच्या बाजूला इन्सुलेशनचा जाड थर, पाणी अडवणारा पडदा आणि माती घालून उद्यान केले होते, त्यामुळे पायाखाली काय आहे याचा चालणाऱ्याला पत्ताही लागत नसे.

टाक्या आणि बोअर दोन्ही कशाला हवेत, हा प्रश्न साहजिक आहे. घनफळाच्या हिशेबात मातीची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या साधारण निम्मी असते. बोअरांनी वेढलेली माती सुमारे ३४,००० घनमीटर भरते, म्हणजे ती १७,००० घनमीटर पाण्याच्या तोडीची झाली. दोन्ही टाक्यांच्या मिळून क्षमतेच्या जवळजवळ सत्तर पट. मात्र माती उष्णता घेते आणि देते फार संथपणे. उन्हाळ्यातल्या भर दुपारी सर्व पॅनेल मिळून दीड मेगावॅटच्या आसपास उष्णता देत. ती तेवढ्या वेगाने जमिनीत उतरवणे शक्य नव्हते. म्हणून दुपारचा लोंढा टाक्यांत घेऊन तो रात्रभर सावकाश जमिनीत मुरवला जाई, आणि हिवाळ्यात उलट्या क्रमाने, जमिनीतून संथपणे निघालेली उष्णता टाक्यांत जमवून पहाटेच्या कडाक्याच्या मागणीला पुरवली जाई. टाकी म्हणजे हाताशी असलेली रोकड आणि जमीन म्हणजे मुदत ठेव, असे म्हणता येईल. फक्त ही ठेव व्याज देण्याऐवजी दरवर्षी मुद्दलातून कापून घेणारी होती.

ही कपात कमी करण्यासाठी बोअरांच्या जोडणीत एक साधी पण नेमकी युक्ती केली होती. सहा-सहा बोअर एकापुढे एक जोडून चोवीस साखळ्या केल्या होत्या, आणि प्रत्येक साखळी मध्यापासून कडेकडे जात असे. साठवताना गरम पाणी आधी मध्यभागी सोडले जाई आणि कडेला पोहोचेपर्यंत ते निवलेले असे. काढताना प्रवाह उलटा, कडेकडून मध्याकडे. त्यामुळे साठ्याचा गाभा सर्वांत तप्त राही, उन्हाळ्याच्या अखेरीस तो ८० अंशांच्या जवळ जाई, आणि बाहेरच्या थंड मातीला लागून असलेली कड त्या मानाने गार राहिल्याने आजूबाजूला निसटणारी उष्णता मर्यादित होई.

घरांपर्यंत जाणारे पाणी फार गरम नसे, साधारण ४० ते ५० अंश. नेहमीच्या रेडिएटरला याहून बरेच गरम पाणी लागते. एवढ्या कोमट पाण्यावर घर उबवायचे म्हणून प्रत्येक घराच्या तळघरात खास मोठ्या आकाराचा, पंखा आणि तांब्याच्या नळ्यांचा हवा तापवणारा संच बसवला होता. पुरवठ्याचे तापमान जितके खाली, तितका साठा अधिक खोलवर उपसता येतो आणि पॅनेलही अधिक कार्यक्षम राहतात; म्हणून ही तडजोड योग्यच होती. मात्र हे संच बाजारातले सर्रास मिळणारे नव्हते, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. आंघोळीच्या आणि वापराच्या गरम पाण्याची सोय या सगळ्यापासून वेगळी होती : प्रत्येक घराच्या छपरावर दोन स्वतंत्र पॅनेल, जी त्या घराची गरम पाण्याची सुमारे ६० टक्के गरज भागवत, आणि उरलेल्यासाठी वायूवरचा हीटर.

साठा भरायला लागलेली वर्षे

२००७ च्या उन्हाळ्यात साठवण सुरू झाली. पहिल्या वर्षी घरांच्या उबेपैकी ५५ टक्क्यांच्या आसपासच उष्णता सौर होती. बाकीची ऊर्जा केंद्रातल्या वायूच्या बॉयलरने पुरवली. यात यंत्रणेचा दोष काही नव्हता. ३४,००० घनमीटर माती आणि तिच्या भोवतालचे आवरण आधी थंडच होते. सुरुवातीला घातलेल्या उष्णतेचा मोठा भाग ही सगळी जमीन कामाच्या तापमानाला आणण्यातच खर्च झाला आणि परत मिळण्याजोगा अंश थोडा राहिला. भोवतालची माती वर्षानुवर्षे कोमट होत गेली, तशी गळती घटली. पाचव्या वर्षी ९० टक्क्यांवर पोहोचायचे असे आधीच ठरवले होते. प्रत्यक्षात २०११-१२ मध्ये हे प्रमाण ९७ टक्क्यांवर गेले. २०१२ ते २०१६ या काळाची सरासरी ९६ टक्के होती आणि २०१५-१६ मध्ये वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण १०० टक्के.

दरम्यान संचालनातही सुधारणा होत गेली. मुख्य पंप बदलून कमी वीज खाणारे पंप आले, आणि हवामानाचा अंदाज पाहून टाक्यांत किती उष्णता राखायची, जमिनीतून किती काढायची, हे आधीच ठरवणारी नियंत्रण पद्धत बसवण्यात आली. उद्या ऊन पडणार असेल तर आज साठा उपसण्याची गरज नाही, एवढाच तिचा गाभा. तरीही तिने पंपांची निरर्थक धावपळ बरीच कमी केली. त्या सर्वोत्तम हंगामात पंपांना लागलेल्या विजेच्या एका युनिटमागे तीसहून अधिक युनिट उष्णता घरांना मिळाली. बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या जोरावर घरात ओढून आणणाऱ्या चांगल्या उष्मा पंपालाही एका युनिटमागे तीन ते पाच युनिट मिळतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याची थोरवी कळते. दर घरामागे वर्षाला सुमारे पाच टन हरितगृह वायू कमी झाल्याचा अंदाज होता. एवढ्या थंड प्रदेशात बहुतांश ऊब उन्हातून देता येते की नाही, या प्रश्नाचा निकाल येथे लागला.

पैशाचा हिशेब

प्रकल्पाचा एकूण खर्च सुमारे ७० लाख कॅनेडियन डॉलर होता. त्यातले जवळपास २० लाख संघराज्य सरकारच्या यंत्रणांकडून, २९ लाख कॅनडातील नगरपालिकांच्या महासंघाच्या हरित निधीतून आणि सव्वासहा लाख प्रांतिक सरकारकडून आले. यातला मोठा भाग संशोधनाचा, म्हणजे एकदाच होणारा होता. तीच वसाहत पुन्हा उभारायची झाल्यास ४० लाख डॉलर पुरतील, असे प्रकल्पाच्या कर्त्यांचे म्हणणे होते. रहिवाशांना उबेसाठी महिन्याला सरासरी ६० डॉलरच्या आसपास आकार द्यावा लागे.

आता हे आकडे शेजारी ठेवावेत. ४० लाखांना बावन्नने भागले तर दर घरामागे सुमारे ७७,००० डॉलर येतात. वर्षाचा आकार ७२० डॉलर. देखभालीला एक पैसाही लागत नाही आणि सगळा आकार भांडवल फेडण्यात जातो असे गृहीत धरले, तरी वसुलीला शंभराहून अधिक वर्षे लागतात. अल्बर्टा हा तेल आणि वायू उत्पादक प्रांत असल्याने तेथे वायू स्वस्त आहे, आणि आकार वायूच्या खर्चाशी जुळता ठेवणे भाग होते. रहिवाशांकडून अधिक घेण्याला वाव नव्हता. म्हणजेच यंत्रणा म्हातारी होईल तेव्हा तिच्या नूतनीकरणासाठी पुरेसा निधी या आकारातून जमा होणे पहिल्या दिवसापासूनच अशक्य होते. अनुदानाने उभारणीचा भार उचलला; वीस वर्षांनंतरच्या दुरुस्तीचा भार कोणाच्या नावावर लिहिलेला नव्हता.

वसाहत किती मोठी असावी, हा प्रश्नही येथेच येतो. साठवलेली उष्णता घनफळावर अवलंबून असते आणि गळती पृष्ठभागावर; लांबी-रुंदी-खोली दुप्पट केली की साठा आठपट होतो, गळती मात्र चौपटच वाढते. म्हणून एकट्या घराने अंगणात बोअर मारून हंगामी साठवण करण्याचा विचार करूच नये. तो साठा डिसेंबर येण्याआधीच निवून जाईल. बावन्न घरे हा तांत्रिकदृष्ट्या चालणारा, पण आर्थिकदृष्ट्या अपुरा आकडा होता. अशा वसाहतीत दोनशे ते तीनशे घरे असतील तर खर्चाचे गणित बरेच सुधारते, असे प्रकल्पाशी संबंधित लोकांनीच नोंदवले होते. मग बावन्नच का? कारण हा प्रयोग सिद्ध करण्यासाठी उभारलेला नमुना होता. त्या बावन्न घरांत राहणाऱ्या कुटुंबांसाठी मात्र तो नमुना नव्हता, त्यांचे रोजचे घर होते, आणि या दोन भूमिकांमधला ताण पुढे दिसून आला.

यंत्रणा थांबते

पंधरा वर्षे उलटल्यावर जुने भाग एकामागून एक निकामी होऊ लागले. पॅनेल, पाईप, तळघरातले हवा तापवणारे संच यांतले बरेच काही खास या प्रकल्पासाठी निवडलेले किंवा बनवून घेतलेले होते, आणि त्यांचे सुटे भाग मिळणे अवघड व महाग झाले होते. अशा यंत्रणा जगात फार थोड्या ठिकाणी बसवलेल्या असल्याने, त्यांच्यासाठी सुटे भाग बनवत राहावे असे कोणत्याही कारखानदाराला वाटण्याचे कारण नव्हते. दुरुस्तीचा खर्च बावन्न घरांत वाटायचा तर तो परवडणारा नव्हता. २०२४ मध्ये यंत्रणा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि घरे वायूच्या भट्ट्यांवर गेली.

हे वाचून ‘सौर उष्णता चालत नाही’ असा निष्कर्ष काढणारे निघतील, आणि तो चुकीचा आहे. जमिनीतल्या साठवणीच्या तत्त्वाचा पराभव झाला नाही. नवव्या वर्षी ती पाचव्या वर्षापेक्षा कमी नव्हे, तर अधिक चांगली चालत होती. संपले ते यंत्रणेच्या बाह्य अवयवांचे आयुष्य, आणि ते अवयव बदलण्याची क्षमता त्या छोट्या गटात नव्हती. दुसऱ्या बाजूला, ‘केवळ पैशाअभावी एक आदर्श प्रकल्प मारला गेला’ ही हळहळही पुरेशी नाही. घरमालकाच्या दृष्टीने, ऐन थंडीत बंद पडू शकणारी आणि दुरुस्तीला माणूस किंवा भाग न मिळणारी यंत्रणा आदर्श असू शकत नाही. देखभाल हा रचनेचाच भाग असतो, आणि रचनाकारांनी तो पाचव्या वर्षाच्या लक्ष्याइतक्या बारकाईने आखलेला नव्हता.

डेन्मार्कमधल्या ब्रेडस्ट्रुप गावाची तुलना येथे उपयोगी पडते. तेथे २०१२ मध्ये ४५ मीटर खोलीच्या ४८ बोअरांचा अशाच तत्त्वाचा साठा सुरू झाला. तो एखाद्या नव्या वसाहतीसाठी वेगळा उभारलेला नव्हता. सुमारे १,४०० ग्राहकांना उष्णता पुरवणाऱ्या, ग्राहकांच्याच मालकीच्या, पाईपांच्या जुन्या जाळ्याला तो जोडला गेला, आणि उष्मा पंप व बॉयलर त्याच्या सोबतीला होते. साठ्याचा एखादा भाग बिघडला तरी गाव गारठत नाही, आणि बदलाचा खर्च शेकडो बिलांत विभागला जातो. तेथे सौर उष्णतेचा वाटा ओकोटोक्सएवढा डोळे दिपवणारा नाही. पण सगळी गरज एकाच स्रोतातून भागवण्याचा अट्टहास नसल्यानेच ती व्यवस्था लवचीक राहिली. शेवटच्या दहा टक्क्यांसाठी लागणारी पॅनेल आणि साठा हा कोणत्याही सौर उष्णता प्रकल्पातला सर्वांत महाग भाग असतो, आणि संशोधनाबाहेर त्याचा पाठपुरावा करण्याचे कारण क्वचितच सापडते.

ओकोटोक्समध्ये भट्ट्या बसल्या तरी घरांच्या भिंती, खिडक्या आणि हवाबंदपणा जागच्या जागी आहेत. उष्णता कोठूनही येवो, ती कमीच लागते, आणि ही बचत घर उभे असेपर्यंत कोणत्याही सुट्या भागावाचून चालू राहील. म्हणून थंड प्रदेशात आज अशी वसाहत आखणाऱ्याला माझी सूचना अशी राहील की दोनशेपेक्षा कमी घरे असतील आणि जोडायला जवळ उष्णतेचे मोठे जाळे नसेल, तर हंगामी साठवणीच्या वाटेला जाऊ नये. तो पैसा आधी बांधकामाच्या आवरणात घालावा, वापराच्या गरम पाण्यासाठी प्रत्येक छपरावर एक-दोन साधी, बाजारात सर्रास मिळणारी पॅनेल लावावीत, आणि उरलेली ऊब उष्मा पंपाने द्यावी. घरे त्याहून अधिक असतील, तर बोअर मारण्याआधी विसाव्या वर्षीच्या पंपांचे, पॅनेलांचे आणि पाईपांचे अंदाजपत्रक करून ते कोण भरणार हे करारात लिहून घ्यावे.